जे-२४ ला नवीन आउटबोर्ड: हॉर्सपॉवर राहिली बाजूला, सगळं अडलं शाफ्टवर

आधी बोट कुठली ते सांगतो, नाहीतर पुढचे आकडे हवेत राहतील. जे-२४. १९७७ पासून बनतेय, डिझाइन रॉड जॉन्स्टनचं, जगात पाच हजारांच्या वर आहेत आणि मुंबई बंदरातही आहेत. लांबी ७.३२ मीटर, पाण्याच्या रेषेवर ६.१ मीटर, रिकामी वजन साधारण १४०० किलो. मुळात रेसिंगची बोट, त्यामुळे पोटात इंजिन नाही, मागे ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, ब्रॅकेट आणि त्यावर छोटं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायचं इंजिन, ते पण रेसच्या वेळी काढून आत ठेवायचं. ही बोट मामा-भाच्यांची भागीदारीतली. मामा साठी ओलांडलेले, भाचा पस्तिशीतला. मी त्यांचा क्रू, आणि इंजिनची काही भानगड निघाली की मलाच फोन येतो.

जुनं इंजिन ५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, बोटीबरोबरच आलेलं. ते मेलं कसं हे बघण्यासारखं आहे कारण पुढच्या निवडीत त्याचा उपयोग झाला. मांडव्याहून परत येताना गिअरमधून करकर आवाज यायला लागला, नंतर न्यूट्रलमधून पुढे टाकलं की खटका बसून परत बाहेर. बोट बॉयला, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या बोयाला, बांधली, इंजिन उचलून गाडीत टाकलं आणि खालचा ड्रेन स्क्रू काढला तर गिअर ऑइलच्या जागी दुधाळ चहा बाहेर आला. म्हणजे आत समुद्राचं पाणी. पंखा (प्रॉपेलर) काढला, मागे शाफ्टवर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, इतका घट्ट की ब्लेडने कापून काढावा लागला, आणि त्याने ऑइल सील कापलं होतं. आपल्या बंदरात जाळ्यांचे तुकडे, तंगूस, पिशव्या कायम तरंगत असतात, दर महिन्याला पंखा काढून शाफ्ट बघितलाच पाहिजे, पण जुन्या इंजिनचा पंख्याचा नट गंजून बसलेला, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. सील बदलून भागलं असतं, पण बेअरिंग आणि गिअर दोन्ही गंजलेले, वर हेड खोललं तर पाण्याचे मार्ग मिठाने बुजलेले. पार्ट बंद झालेले. कोळीवाड्यातल्या मेकॅनिकने एकदा बघितलं आणि मामांना म्हणाला, "काका, ह्याच्यावर पैसे टाकू नका, मशीन नवीनच घ्या." विषय संपला.

आता नवीन कुठलं. इथे दोन पक्ष पडले. मामांचं म्हणणं परत टू-स्ट्रोकच घ्यायचं, हलकं, साधं, कुठल्याही बंदरावर माणूस दुरुस्त करतो. भाच्याचं म्हणणं इलेक्ट्रिक. आणि मधे तिसरं एक मत होतं, क्लबमधल्या लोकांचं, की घेताय तर ८ नाहीतर ९.८ घ्या, ताकद असलेली बरी. ब्रोशर सगळ्यांच्या फोनमध्ये होती. मी म्हटलं ब्रोशर ठेवा बाजूला, आधी हे ठरवा की इंजिन तुम्हाला नेमकं कधी लागतं.

शिडाच्या बोटीला इंजिन दिवसभर लागतच नाही. मुंबईत सीझनला, ऑक्टोबर ते मे, वाऱ्याचं टाइमटेबल साधारण ठरलेलं. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे येणारं वारं, ते दहा-अकराच्या सुमाराला मरतं, मग तास-दीड तास काहीच नाही, मग दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो आणि सूर्य बुडाला की तोही पडतो. म्हणजे अडचण येते ती संध्याकाळच्या परतीला. गेटवे ते मांडवा सात-साडेसात सागरी मैल. वारा पडलाय, अंधार होतोय, आणि उधाणाचे दिवस असतील तर ओहोटीचं पाणी दोन-अडीच नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) बंदराबाहेर निघालेलं, म्हणजे बरोबर तुमच्या विरुद्ध. वर थोडा वारा उरला असेल तर पाणी आणि वारा एकमेकांवर, छोट्या उभ्या लाटा, त्यात फेरीबोटी आणि स्पीडबोटींच्या लाटा. ह्या परिस्थितीत अडीच-तीन तास न थांबता पाच नॉट देणारं इंजिन पाहिजे. बाकी बॉयवर येणं-जाणं काय, ते कुठलंही इंजिन करेल.

ही कसोटी लावली की इलेक्ट्रिकचा निकाल लगेच लागतो, आणि मला त्याचं थोडं वाईटच वाटलं कारण वस्तू सुंदर आहे. टॉर्कीडोचं ट्रॅव्हल ११०३ घ्या, ११०० वॉट, बॅटरी ९१५ वॉट-अवर, सगळं मिळून सतराएक किलो, आवाज नाही, धूर नाही. फुल पॉवरला पन्नासेक मिनिटं. ही बोट त्यावर सपाट पाण्यात साडेचार नॉट जाईल असं धरू. समोरून दोन नॉटची ओहोटी, म्हणजे किनाऱ्याच्या हिशोबाने पुढे सरकणार अडीच नॉट, पन्नास मिनिटांत दोन मैल, आणि बॅटरी संपली. अजून पाच मैल शिल्लक, मिट्ट काळोख. ई-प्रॉपल्शनच्या स्पिरिटची बॅटरी मोठी आहे, १२७६ वॉट-अवर, पण मग दोनाऐवजी तीन मैल, एवढाच फरक. हळू चालवलं तर बॅटरी जास्त टिकते हे खरं, पण हळू चालवलं तर ओहोटीत जागचे हलत नाही. दोन बॅटऱ्या घ्यायच्या तर किंमत कुठल्या कुठे, आणि बॉयवर चार्जिंगला वीज नाही, बॅटरी डिंगीतून उचलून घरी न्यायची. तलावात, पवन्याला वगैरे ही बोट असती तर मी डोळे झाकून इलेक्ट्रिक म्हटलं असतं. भाच्याने स्वतः कागदावर हिशोब केला आणि गप्प बसला.

मामांचं टू-स्ट्रोक मात्र मी इतक्या सहज उडवू शकलो नाही, खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा मजबूत होता. त्याच ताकदीला हलकं, आत व्हॉल्व नाहीत, क्रँककेसमध्ये ऑइल नाही, आडवंतिडवं कसंही ठेवा. फोर-स्ट्रोक गाडीच्या डिकीत ठेवताना कव्हरवर दाखवलेल्या बाजूवरच आडवं करायचं असतं, नाहीतर ऑइल सिलेंडरमध्ये जातं. पण पेट्रोल बरंच जास्त पितं, टूटी ऑइल मोजून मिसळायचं, आणि मुख्य म्हणजे मागून हलका वारा असताना पाच नॉटने चाललं की सगळा धूर कॉकपिटमध्ये, त्या धुरात मामींना दोनदा उलटी झालेली आहे हे भाच्याने बरोब्बर वेळेला काढलं. मामा हसले. तरी ते अडून होतेच, ते पुढे शाफ्टवर सुटले. रॉकेलवर चालणाऱ्या मशीनचं पण कोणीतरी सुचवलं, कोकणात मच्छीमार वापरतात ती, पण रॉकेल आता आणायचं कुठून, सोडून दिलं.

राहिलं फोर-स्ट्रोक, आणि प्रश्न ६ की ८-९.८.

लोक ढोबळ नियम सांगतात, टनाला ४ हॉर्सपॉवर. बोट १४००, चार माणसं, शिडं, नांगर, पाणी, सामान, म्हणजे पावणेदोन टन धरा, गुणाकार केला की ७ येतात. मग माणूस म्हणतो ६ कमी पडतील, ८ घेऊ. पण ह्या नियमात दोन गोष्टी येत नाहीत. एक म्हणजे इंजिनवर ही बोट प्लेन करत नाही, म्हणजे पाण्यावर उचलली जाऊन घसरत नाही, पाण्याच्या रेषेच्या लांबीवरून जास्तीत जास्त वेग ठरतो, फुटातल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, २० फुटांना ६ नॉट. तिथपर्यंत पोचताना शेवटचा एकेक नॉट भयंकर महाग पडतो, साडेचार नॉटला जेवढी ताकद लागते त्याच्या दुपटीहून जास्त साडेपाचला लागते, आणि सहाच्या पुढे तुम्ही २० हॉर्सपॉवर लावा, बोट मागून खाली बसेल आणि लाट मोठी होईल, बास.

दुसरी गोष्ट पंखा. शोरूममधलं ६ हॉर्सपॉवरचं इंजिन हवा भरलेल्या डिंगीसाठी पंखा लावून येतं, पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) ८ इंच किंवा त्याच्या आसपास. साडेपाच हजार आरपीएम, गिअर साधारण दोनाला एक, म्हणजे पंखा मिनिटाला २७५० फिरला, दर फेऱ्याला ८ इंच, हिशोब केला तर १८ नॉट येतात. अर्थात घसर, म्हणजे पाण्यात वाया जाणारा भाग, न धरता. आपली बोट जाणार साडेपाच नॉट! म्हणजे पंखा नुसता पाणी ढवळतोय, इंजिनला आरपीएम गाठता येत नाही, ६ हॉर्सपॉवर कधी मिळतच नाहीत, आणि मालक म्हणतो इंजिन कमजोर. तोच पंखा ६ इंच पिचचा केला की हिशोब साडेतेरावर येतो, इंजिन मोकळं फिरतं, ढकल वाढते, आणि रिव्हर्सला तर फरक अंगावर येतो. शिडाच्या बोटींसाठी म्हणून जी मॉडेल निघतात त्यात हा पंखा येतो. ८ घ्यायच्या आधी पंखा बदला, हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय, ऐकतात थोडे.

आणि वजन. बहुतेक कंपन्यांची ४, ५ आणि ६ हॉर्सपॉवरची इंजिनं आतून एकच असतात, तोहात्सूचं १२३ सीसी, यामाहाचं १३९ सीसी, एक सिलेंडर, पंचवीस-सत्तावीस किलो. त्यामुळे ४ घेण्यात काही अर्थ नाही, वजन तेच. पण ८-९.८ ला गेलात की दोन सिलेंडर, दोनशे सीसीच्या वर, आणि वजन एकदम ३७-४० किलो. चालायला नक्कीच गुळगुळीत, आवाज कमी. पण हे ४० किलो बोटीच्या अगदी शेपटाला, आणि ते काढून आत ठेवायचं म्हणजे मागच्या रेलिंगवरून वाकून, हलत्या बोटीत, हात लांब करून उचलायचं. मामांना म्हटलं शोरूममध्ये उचलून बघा. त्यांनी स्टँडवरून उचललं, दोन पावलं चालले, परत ठेवलं आणि म्हणाले, "नको रे बाबा, माझी कंबर जाईल." ८ चा विषय तिथे संपला, हिशोबाने नाही.

आता शाफ्ट. ह्या सगळ्या प्रकरणातला माझ्या मते हाच मुख्य मुद्दा, आणि ह्यावर कोणीच बोलत नव्हतं. शाफ्ट म्हणजे इथे इंजिनपासून खाली पंख्याकडे जाणारा उभा पाय. जुन्या इंजिनचा शाफ्ट २० इंची, लाँग, ५१ सेंटिमीटर. मामा आठवण सांगायचे की लाटेत इंजिन किंचाळतं, म्हणजे पंखा हवा ओढतो, आरपीएम एकदम वर, ढकल शून्य, थंड करायचं पाणी पण खेचलं जात नाही. सगळ्यांनी ते इंजिनचं म्हातारपण समजून सोडून दिलेलं.

एका रविवारी बॉयवर जाऊन मापं घेतली. ब्रॅकेट पूर्ण खाली केला, मी मागे पालथा पडून टेप धरला, भाचा डिंगीतून वाचत होता. इंजिन ज्या फळीवर अडकतं तिच्या वरच्या कडेपासून पाणी ४४ सेंटिमीटर. शाफ्टची लांबी मोजतात ती तिथपासून पंख्यावरच्या आडव्या प्लेटपर्यंत, म्हणजे ५१ मधून ४४ गेले, प्लेट पाण्याखाली फक्त ७ सेंटिमीटर. मग मी दोघांना म्हटलं पुढे जा, डोलकाठीच्या पण पुढे, नांगर काढताना किंवा पुढचं शीड उतरवताना जिथे उभे राहता तिथे. दोघं पुढे गेले आणि मागचा भाग ६ सेंटिमीटर वर आला. राहिला १. सपाट पाण्यात एक सेंटिमीटर, आणि आपण बोलतोय अर्ध्या मीटरच्या लाटांबद्दल. ह्या ब्रॅकेटवर २० इंची शाफ्टचं कुठलंही इंजिन लावा, ५ लावा नाहीतर १५ लावा, लाटेत ते किंचाळणारच.

२५ इंची शाफ्ट म्हणजे ६३.५ सेंटिमीटर. प्लेट साडेएकोणीस सेंटिमीटर खाली, दोघं पुढे गेले तरी साडेतेरा. शिडाच्या बोटीला किमान पंधरा तरी असावेत असं मी धरतो, त्यामुळे पुढे दोघं असतानाचे साडेतेरा चालवून घ्यायचे. ब्रॅकेटची फळी खाली सरकवून २० इंचीवर भागलं असतं का, तेही बघितलं, पण मग इंजिन वर टिल्ट केलं तरी बोट कलली की पाण्यात ओढलं जाईल आणि इंजिनचं डोकं लाटांच्या फार जवळ येईल. नको.

हे टेपवरचे आकडे बघून मामा टू-स्ट्रोकवरून उतरले, कारण एवढ्या छोट्या टू-स्ट्रोकमध्ये २५ इंची शाफ्ट त्यांना कोणी द्यायलाच तयार नव्हतं. फोर-स्ट्रोकमध्ये सुद्धा ६ हॉर्सपॉवरला एवढा लांब शाफ्ट ही मागवायची गोष्ट, दुकानात उभं असतं ते १५ नाहीतर २० इंची. एका विक्रेत्याने तर "२० इंची घेऊन जा, सगळे तेच लावतात" म्हणून बराच आग्रह केला, डिस्काउंट पण काढला. भाचा डळमळला होता. मी त्याला मापाचा कागद परत दाखवला.

इंधनावर मात्र थोडं थांबायला पाहिजे, कारण हे आपल्याकडचंच दुखणं आहे. पंपावरचं साधं पेट्रोल आता ई-२० आहे, आणि आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक सगळे १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देतात. गाडीत टाकी आठवड्याला रिकामी होते, बोटीत तेच पेट्रोल महिनाभर दमट हवेत पडून राहतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, एका मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये मिसळून राहतं आणि मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळी बरोबर तळातूनच ओढते. त्यात कार्बोरेटरचा स्लो जेट म्हणजे केसाएवढं भोक, ते जरा चिकटलं की इंजिन चोक बंद केल्यावर मरतं.

मेडिकलच्या दुकानातून १०० मिलीची मोजनळी आणली. खाली १० मिली पाणी, वर ९० मिली साधं पेट्रोल, बोटाने बंद करून हलवली, ठेवली. पाण्याची रेघ १० वरून पंचवीसच्या वर चढली, इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरलं. मग शंभर ऑक्टेनवालं महाग पेट्रोल घेतलं, साध्याच्या दीडपट भावाचं, त्याच्यावर हाच प्रयोग केला, रेघ जागची हलली नाही. ऑक्टेनची ह्या इंजिनला काडीचीही गरज नाही, आपल्याला फक्त इथेनॉल नको. सीझनला वापर मुळातच कमी, त्यामुळे दीडपट भाव झोंबत नाही. पण दर वेळी नळीत बघूनच टाकायचं असं ठरवलं, पंपावरचा माणूस काय सांगतो त्यावर जायचं नाही. टाकी बाहेरची १२ लिटरची, मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर, आणि बोट सोडताना नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे कार्बोरेटर रिकामा.

ब्रॅकेटचं काम इंजिनपेक्षा जास्त लांबलं. जुना ब्रॅकेट टू-स्ट्रोकच्या वीस किलोसाठीचा, स्प्रिंगा थकलेल्या, २६ किलो लावले असते तर वर येताना अर्ध्यात अडकला असता. नवीन ब्रॅकेट फोर-स्ट्रोकच्या वजनाचा घेतला. जुन्याचे बोल्ट काढले तर भोकांतून तपकिरी पाणी. जे-२४ च्या फायबरच्या मधे बाल्साचं लाकूड असतं, ते एकदा भिजलं की कुजतं आणि बोल्ट कितीही आवळा, सैल होतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, भोकांभोवती बद्द आवाज, चार बोटं लांब गेलं की परत टणक. कुजलेलं आतून खरवडलं, उन्हात सुकवलं, इपॉक्सी भरलं, परत भोकं पाडली, आणि आतल्या बाजूने जाड फायबरची पट्टी दिली. नवीन इंजिन लावून जुन्या भोकांत बोल्ट कसणारे लोक मी बघितलेत. ते इंजिन एक दिवस ब्रॅकेटसकट जातं.

शेवटी आलं ते असं: ६ हॉर्सपॉवर, एक सिलेंडर फोर-स्ट्रोक, २५ इंची शाफ्ट, ६ इंच पिचचा पंखा, १२ व्होल्टचं छोटं चार्जिंग. पहिले दहा तास जपून चालवलं, लगेच ऑइल बदललं. उधाणाच्या ओहोटीत मांडव्याहून आणलं तेव्हा फोनच्या जीपीएसवर तीनच्या आसपास दिसत होतं, म्हणजे पाण्यातून पाच-सव्वापाच, आणि थ्रॉटल पाऊणच. पेट्रोल तासाला सव्वा लिटरच्या आसपास. फेरीबोटीच्या लाटेत एकदा पंखा वर आल्यासारखा आवाज झाला, क्षणभर, लगेच बसला.

तक्रारी आहेत. एक सिलेंडर आहे, हळू चालवलं की सगळं ट्रान्सम थरथरतं आणि कॉकपिटमधल्या बाटल्या वाजतात, त्याला उपाय नाही. शाफ्ट लांब असल्यामुळे टिल्ट केल्यावर पंखा बराच मागे येतो, बाजूला डिंगी बांधताना सांभाळावं लागतं, भाच्याने गुडघा एकदा फोडून घेतलाय. रेससाठी काढून आत ठेवायचं तर लांबीमुळे ते खाली बंकवर तिरकं बसतं, झोपायची एक जागा गेली. आणि बॉयवर गोडं पाणी मारायची सोय नाही, म्हणून दोन कॅन गोडं पाणी घेऊन जायचं, बादली पंख्याखाली टांगायची आणि पाच मिनिटं चालवायचं, हे काम कोणालाच आवडत नाही, म्हणून मामांनी त्याची पाळी लावून दिली आहे.

पंखा आता महिन्याला निघतो. नटला मरीन ग्रीस लावलेलं असल्यामुळे दहा मिनिटांचं काम. गेल्या वेळी शाफ्टवर परत तंगूसाचे दोन वेढे मिळाले, सील शाबूत होतं.